वाटाड्यापासून उपग्रहापर्यंत

नागपुरांतील गांधीबागेचें नांव निघालें कीं कापडाचा ठोक बाजार डोळ्यांपुढें उभा राहतो. इतवारी व महाल या जुन्या वस्त्यांच्या शेजारीं असलेल्या या भागांत विदर्भांतील आणि लगतच्या मध्यप्रदेश-छत्तीसगडांतील दुकानदार माल घेण्यास येतात. आणि परका माणूस आला म्हणजे वाट विचारणें व वाट सांगणें हा व्यवहारहि ओघानेंच येतो. जुन्या नागपुराची वाट सांगण्याची रीत दिशांवर चालत नाहीं, खुणांवर चालते. चितारओळ, लोहाओळ, सराफा, मस्कासाथ, तीन नळ चौक हीं नांवें नुसतीं नांवें नव्हत. ज्याला तीं ठाऊक आहेत त्याच्याजवळ या भागाचा नकाशा आहे असेंच म्हटलें पाहिजे. हल्लीं याच गल्ल्यांतून पार्सलें पोंचविणारे तरुण खिशांतील फोनाच्या सांगण्यावरून फिरतात. आणि सुटीच्या दिवशीं पहाटे ज्या मोटारसायकली येथून पचमढी, चिखलदरा, नागझिरा किंवा भामरागड यांच्या वाटेस लागतात, त्यांच्या हँडलावरहि वाट दाखविणारें कांहीं ना कांहीं यंत्र बसविलेलें असतें.

हें यंत्र कोणतें असावें याविषयीं या स्वारांमध्यें एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो कीं खिशांतील स्मार्टफोन पुरेसा आहे. त्यांतील नकाशे फुकट मिळतात, रोज ताजे होतात, आणि निराळें ओझें बाळगावें लागत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं लांबच्या प्रवासास मार्गदर्शनाचें स्वतंत्र जीपीएस यंत्रच हवें. तें पावसांत भिजत नाहीं, उन्हांत बंद पडत नाहीं, आणि जंगलांत मोबाईलचा टॉवर नसला तरी त्याचें अडत नाहीं. वरवर पाहतां हा गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यांतला प्रश्न वाटेल, आणि तेवढाच तो असता तर त्यास या मासिकाचीं पानें देण्याचें कारण नव्हतें. परंतु वाट दाखविणाऱ्या साधनांचा इतिहास चाळून पाहिला म्हणजे असें दिसतें कीं या वादाच्या मुळाशीं एक फार जुना प्रश्न आहे. तो हा कीं, जें साधन वाटसरूच्या हातीं येतें तें मुळांत कोणी व कोणासाठीं निर्माण केलेलें असतें? या प्रश्नाचें उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या साधनावर कोठवर विसंबावें हेंहि आपोआप कळतें.

यंत्रें नव्हतीं तेव्हां वाट दाखविण्याचें साधन म्हणजे माणूस. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत. त्यांच्या वाटा त्यांच्या पाठांत असत, आणि फौजांना रसद पुरविणारे म्हणून त्यांच्या या ज्ञानास मोठी किंमत असे. साध्या वाटसरूस मात्र गांवोगांवचा वाटाड्या घ्यावा लागे. महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत सरकारी अंमलदारास व पाहुण्यास पुढील गांवच्या शिवेपर्यंत पोंचविणें हें महारांकडे असलेल्या वतनी कामांपैकीं एक होतें. शिवेवर पहिला वाटाड्या परते व पुढच्या गांवचा त्याची जागा घेई. ही व्यवस्था वाटसरूस सोयीची खरी, पण ती त्याच्यासाठीं नव्हती. ती राजसत्तेच्या सोयीसाठीं होती, आणि तिचा भार ज्यांच्यावर होता त्यांस रात्र नाहीं, पाऊस नाहीं, केव्हांहि उठून चालूं लागावें लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनाच्या सुधारणेचें विधेयक मांडलें तें याच वेठीच्या जांचाविरुद्ध. आणि मुंबई राज्यांत हीं कनिष्ठ गांवकामगार वतनें कायद्यानें रद्द होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. पूर्वींचा वाटाड्या फुकट मिळे असें म्हणणारानें हें ध्यानांत ठेवावें कीं त्याची किंमत कोणी तरी देतच होता.

माणसाच्या स्मरणांतील वाट कागदावर उतरविण्याचा मोठा उद्योग इंग्रजी अमलांत झाला. ईस्ट इंडिया कंपनीनें १७६७ मध्यें जेम्स रेनेल यास बंगालचा सर्व्हेयर-जनरल नेमलें. भारतीय सर्वेक्षण विभाग आपला आरंभ त्याच वर्षापासून मोजतो. आरंभींची मोजणी ही मुख्यतः रस्त्यांची मोजणी होती. एक मोठें चाक ढकलीत न्यावयाचें, त्याच्या फेऱ्या मोजावयाच्या, होकायंत्रानें वळणांच्या दिशा टिपावयाच्या, अशी ती रीत. फौज कोणत्या वाटेनें जाईल, तोफा कोठें अडतील, पाणी कोठें मिळेल, एवढेंच त्या नकाशांस विचारावयाचें होतें. आणि म्हणून तेवढेंच ते सांगत.

या कामास शास्त्राचें रूप आलें तें विल्यम लॅम्बटन याच्यामुळें, आणि येथें या इतिहासाचा संबंध नागपूर प्रांताशीं फार निकट येतो. लॅम्बटननें १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची एक आधाररेषा मोजून आपल्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. शंभर फुटी पोलादी साखळी उन्हानें लांबते, म्हणून तिला छायेंत ठेवून, जवळ उष्णतामापक बाळगून तो मोजीत असे. त्याचें कोन मोजण्याचें यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारें अर्ध्या टनाचें होतें. इंग्लंडहून येतांना तें फ्रेंचांच्या हातीं सांपडून मॉरिशसला गेलें होतें, व शास्त्राचें उपकरण म्हणून त्यांनीं तें सन्मानानें परत केलें. पुढें १८०८ मध्यें तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवितांना तें आदळून बिघडलें, तेव्हां लॅम्बटननें कित्येक आठवडे खपून स्वतःच्या हातानें तें दुरुस्त केलें. दक्षिण टोंकापासून उत्तरेकडे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो वीस वर्षें चालला होता. १८१८ मध्यें या कामास ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ हें नांव मिळालें. नंतर आपला तळ नागपुरास हलवावा म्हणून तो हैदराबादेहून निघाला, परंतु नागपूर त्यास दिसलें नाहीं. २० जानेवारी १८२३ रोजीं वाटेंत हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला, व तेथेंच त्यास पुरण्यांत आलें. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यानें ती त्रिकोणांची माळ पुढें १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशीं नेऊन पोंचविली.

आज नागपुराहून मोटारसायकलीनें दक्षिणेस जाणारा स्वार हिंगणघाटावरूनच जातो. पण ज्याच्या परिश्रमावर या देशाचे अचूक नकाशे उभे राहिले तो या गांवांत विसांवा घेत आहे हें बहुतेकांस ठाऊक नसतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं लॅम्बटनला वाटसरूंची चिंता नव्हती. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, एका अंशाची लांबी किती भरते, हा त्याचा प्रश्न होता. कंपनीस हवा होता तो जिंकलेल्या मुलुखाचा हिशेब. वाटसरूस जो नकाशा मिळाला तो या दोन हेतूंचा शिलकी लाभ होय.

हा शिलकी लाभ कसा गैरसमजास कारण होतो याचें उदाहरण नागपुरांतच आहे. झिरो माईलचा स्तंभ व त्याजवळील घोड्यांचे पुतळे प्रत्येक पाहुण्यास दाखविण्यांत येतात, आणि हा हिंदुस्थानचा मध्यबिंदु, येथूनच सर्व देशाचीं अंतरें मोजलीं जातात, असें सांगण्यांत येतें. स्तंभावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद इत्यादि गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत हें खरें. पण जवळच जो लहान दगड आहे तो १९०७ सालचा, सर्व्हे खात्याचा, उंचीचा प्रमाण-दगड आहे. समुद्रसपाटीपासून त्याचा माथा १०२०.१७१ फूट आहे, आणि आसपासच्या प्रदेशाची उंची ठरवितांना त्याचा आधार घ्यावयाचा, हें त्याचें मूळ प्रयोजन. दगड उंची सांगण्यासाठीं उभा केला. लोकांनीं त्यास वाट व अंतर विचारलें, आणि जें उत्तर त्यानें दिलेंच नव्हतें तें त्याच्या तोंडीं घातलें. साधनाचा मूळ हेतु विसरला म्हणजे असें होतें.

याच सर्व्हे खात्याच्या इतिहासांत मोटारसायकलस्वारांच्या वादाशीं थेट जुळणारा एक प्रसंग आहे. तिबेटांत परक्यांस मज्जाव होता. तेव्हां कुमाऊंचा नैनसिंग रावत यास यात्रेकरूच्या वेषांत पाठविण्यांत आलें, व तो जानेवारी १८६६ मध्यें ल्हासा येथें पोंचला. त्याच्या हातीं जपमाळ होती. पण तिचे मणी १०८ नव्हते, शंभरच होते, आणि दर शंभर पावलांस एक मणी ओढून तो अंतर मोजी. प्रार्थनाचक्राच्या पोटांत मंत्रांऐवजीं मोजणीच्या नोंदी असत. थिओडोलाइट हें एकाच कामाचें, अवजड पण निर्दोष यंत्र. जपमाळ ही दुसऱ्याच कामाची वस्तु, तिच्यांत हें काम लपवून बसविलेलें. पहिल्यानें देशाचा सांगाडा ठरला. दुसरीनें जेथें पहिलें जाऊंच शकत नव्हतें तेथली वाट कळली. स्वतंत्र जीपीएस यंत्र व स्मार्टफोन यांचें नातें पुष्कळसें असेंच आहे.

आतां उपग्रहांकडे वळूं. जीपीएसची योजना अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९७३ मध्यें हातीं घेतली, व तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्यें सोडण्यांत आला. जहाजें, विमानें व क्षेपणास्त्रें यांस आपलें ठिकाण कळावें हा तिचा हेतु. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें, व रशियन लढाऊ विमानानें तें पाडल्यामुळें २६९ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर ही योजना पूर्ण होतांच नागरी उपयोगासहि खुली राहील असें अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनें जाहीर केलें. १९९५ मध्यें योजना पूर्णतेस गेली. तरीहि सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळें ठिकाण शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. ही बुद्धिपुरस्सर चूक २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आली, आणि रस्त्यावरील मार्गदर्शन खऱ्या अर्थानें शक्य झालें तें तेव्हांपासून.

याचें तत्त्व लॅम्बटनच्या तत्त्वाहून फार निराळें नाहीं. त्यानें कोनांवरून अंतरें काढलीं. येथें काळावरून अंतर काढतात. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आपली वेळ व आपलें ठिकाण सतत प्रक्षेपित करीत असतो. तो संदेश पोंचण्यास किती वेळ लागला यावरून आपण त्या उपग्रहापासून किती दूर आहों हें ठरतें, व असे चार उपग्रह दिसले म्हणजे आपलें ठिकाण निश्चित होतें. वेळेंत एका सेकंदाच्या दहालक्षांशाची चूक झाली तर अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. उपग्रहांवरील घड्याळें सापेक्षतेच्या नियमानें रोज सुमारें ३८ दशलक्षांश सेकंद पुढें जातात. त्यांची दुरुस्ती केली नाहीं तर चूक दिवसाला अकरा किलोमीटर या वेगानें वाढत जाईल. आइन्स्टाइनचें गणित अशा रीतीनें मोटारसायकलीच्या हँडलापर्यंत येऊन पोंचलें आहे. दुसऱ्या राष्ट्राच्या लष्करी साधनावर सर्वस्वीं विसंबणें बरें नव्हे, हें जाणून रशिया, युरोप व चीन यांनीं आपापले उपग्रह सोडले. भारतानेंहि १ जुलै २०१३ रोजीं आपल्या योजनेचा पहिला उपग्रह सोडला, व २०१६ मध्यें सातवा उपग्रह कक्षेंत गेल्यावर त्या योजनेस ‘नाविक’ हें नांव देण्यांत आलें.

या दीर्घ इतिहासांत वाटसरूसाठीं म्हणून, वाटसरूच्या पैशानें तयार झालेलें साधन एकच दिसतें, आणि तें म्हणजे स्वतंत्र जीपीएस यंत्र. अमेरिकेंतील गार्मिन ही कंपनी १९८९ मध्यें व नेदरलँड्समधील टॉमटॉम १९९१ मध्यें स्थापन झाली. भारतांत मॅपमायइंडियानें १९९५ पासून रस्त्यांचे नकाशे तयार करण्याचें काम हातीं घेतलें. पुढें मोटारसायकलस्वारांसाठीं मुद्दाम घडविलेलीं यंत्रेंहि निघालीं. त्यांच्या घडणींतच स्वाराचा विचार दिसतो. हातमोजे घालूनहि पडद्यास दिलेला स्पर्श त्यांस समजतो. भर दुपारच्या उन्हांत अक्षरें वाचतां येतात. पाणी व धक्के सोसतात. आणि नकाशा त्यांच्या पोटांतच साठविलेला असल्यामुळें टॉवरची गरज पडत नाहीं.

असें असूनहि हीं यंत्रें मागें पडलीं. २००९ च्या ऑक्टोबरांत गूगलनें फोनावर वळणावळणाचें मार्गदर्शन फुकट देण्याचें जाहीर केलें, त्याच दिवशीं गार्मिन व टॉमटॉम यांचे शेअर कोसळले. बाजारानें निकाल तेव्हांच दिला असें म्हणावयास हरकत नाहीं. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें. २०१७ च्या डिसेंबरांत गूगलनें भारतासाठीं दुचाकींचा निराळा मार्ग दाखविण्याची सोय केली. २०२१ पासून ठिकाणांचीं नांवें मराठींतहि अधिक दिसूं लागलीं. त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें नकाशे तयार करण्यावरील जुनीं बंधनें पुष्कळ सैल केलीं. आतां कांहीं मोटारसायकलींच्या दर्शनी फलकावरच नकाशा उमटतो. पण तो येतो स्वाराच्या फोनांतूनच. म्हणजे पडदा गाडीचा व बुद्धि फोनाची, असा हा संयोग आहे.

मग जुन्या पक्षाचें म्हणणें अगदींच निरर्थक ठरलें काय? तसें नाहीं. आयफोनचे उत्पादक आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा असें सांगतात. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. ज्यानें मे महिन्यांत दुपारीं चंद्रपूरच्या रस्त्यावर हँडलाला फोन लावला असेल, त्यास पडदा काळा पडून फोन थंड होण्याची वाट पाहावी लागते याचें नवल वाटणार नाहीं. याच कंपनीनें सप्टेंबर २०२१ मध्यें असाहि इशारा दिला कीं मोठ्या मोटारसायकलींच्या थरथराटानें फोनांतील कॅमेऱ्याचें कार्य बिघडूं शकतें. पावसाचे थेंब पडद्यावर पडले कीं फोनास तीं बोटेंच वाटतात. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं जो फोन वाट दाखवितो त्याच फोनावर घरचा निरोप येतो, त्यानेंच पैसे द्यावयाचे असतात, आणि संकटांत हाकहि त्यानेंच मारावयाची असते. तो पडला, भिजला किंवा त्याची बॅटरी संपली तर हीं सारीं कामें एकदम थांबतात. निराळें यंत्र बिघडलें तर एकच काम थांबतें.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. टॉवर नसला म्हणजे फोनांतील जीपीएस बंद पडतें, ही समजूत चुकीची आहे. उपग्रहांचा संदेश फोन स्वतंत्रपणेंच घेतो. टॉवरच्या मदतीनें तो फक्त लवकर लागतो. बंद पडतो तो नकाशा, कारण तो दूरच्या संगणकावरून मागवावा लागतो. निघण्यापूर्वीं त्या प्रदेशाचा नकाशा फोनांत उतरवून घेतला तर परतवाड्याहून सेमाडोहमार्गें धारणीकडे जातांना, मेळघाटांत कोठेंहि, आपला बिंदु नकाशावर दिसत राहतो. ही एवढी खबरदारी घेणाऱ्या स्वारास दोन-चार दिवसांच्या प्रवासासाठीं, बऱ्यापैकीं फोनाइतकी किंमत मोजून निराळें यंत्र घेण्याचें कारण उरत नाहीं. ज्यास आठवडेच्या आठवडे डोंगराळ मुलुखांत, पावसापाण्यांत हिंडावयाचें आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यानें तें घ्यावें. मात्र ज्या यंत्रांत उपग्रहाद्वारें संदेश पाठविण्याचीहि सोय असते तीं आपल्या देशांत सरकारी परवानगीवांचून जवळ बाळगतां येत नाहींत, हें विकत घेण्यापूर्वींच पाहावें. कायदा फोनाविषयींहि बोलतो: ऑक्टोबर २०२० पासून अमलांत आलेल्या नियमानुसार वाहन चालवितांना अशा उपकरणाचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठीं, आणि तोहि लक्ष विचलित न होईल अशा रीतीनेंच करण्यास मुभा आहे.

परंतु दोन्ही साधनांचें एक न्यून समान आहे, आणि तें प्राणांशीं गांठ घालणारें आहे. उपग्रह आपण कोठें आहों हें सांगतो. पुढचा रस्ता आहे किंवा नाहीं हें त्याला ठाऊक नसतें. तें ज्ञान नकाशाचें, आणि नकाशा हा नेहमींच भूतकाळाचा असतो. जानेवारी २०२१ मध्यें कळसूबाईकडे निघालेल्या प्रवाशांची मोटार अकोले तालुक्यांत कोतूळजवळ, धरणाच्या फुगवट्याखालीं गेलेल्या पुलावर रात्रीं शिरली, व त्यांतील एकाचा बुडून अंत झाला. फोनावर तो रस्ता होता. त्यावरचें पाणी नव्हतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तरप्रदेशांत बरेलीजवळ रामगंगेवरील ज्या पुलाचा पुढील भाग पुरानें वाहून गेला होता त्यावरून मोटार खालीं कोसळून तिघे मृत्यु पावले. तेथें अडथळा उभा करण्याचें काम ज्यांचें होतें त्यांचा दोष मोठा आहे. पण नकाशावर विसंबणाराचे डोळे रस्त्यावर कमी व पडद्यावर अधिक असतात, हेंहि खोटें नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा मार्ग कितीदां तरी तुटला आहे. आज ती नदी उतरण्याजोगी आहे किंवा नाहीं हें आलापल्लीच्या चहाच्या दुकानांत जितकें खात्रीनें कळेल, तितकें कोणत्याहि उपग्रहास कळणार नाहीं.

मनुष्यानें केलेले नियमहि नकाशाच्या पाठोपाठ बदलतात. २०१० मध्यें राष्ट्रीय मार्गांचे क्रमांक बदलले. नागपुरावरून जाणारा सातवा चव्वेचाळिसावा झाला, सहावा त्रेपन्नावा झाला. पण जुन्या ट्रकवाल्यांच्या बोलण्यांत जुने आंकडे पुढेंहि राहिले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला, परंतु त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं. ज्याच्या जुन्या यंत्रांत तो महामार्गच नाहीं, आणि ज्यानें आपल्या फोनावर दुचाकीऐवजीं मोटारीचा मार्ग निवडला आहे, हे दोघेहि चुकणार. एक अज्ञानामुळें व दुसरा अर्धवट ज्ञानामुळें.

शेवटीं तो मूळ प्रश्न: हें साधन कोणासाठीं? स्वतंत्र यंत्र विकत घेणारा किंमत एकदां मोजतो व मोकळा होतो. त्याचा नकाशा जुना होईल, पण तो त्याचा स्वतःचा असतो. फोनावरचा नकाशा फुकट दिसतो. त्याची किंमत जाहिरातदार देतात, आणि आपण देतों ती आपल्या फिरण्याच्या नोंदींच्या रूपानें. सेंट्रल अव्हेन्यूवर वाहनांची दाटी झाली आहे असें तो सांगतो, तेव्हां त्या दाटींत अडकलेल्या शेंकडों फोनांनीं न सांगतां दिलेली ती बातमी असते. म्हणजे प्रत्येक वाटसरू नकळत दुसऱ्याचा वाटाड्या झाला आहे, आणि त्या वाटाड्यांच्या श्रमाचें फळ एका कंपनीच्या कोठारांत जमा होत आहे. गांवगाड्यांतील वेठीशीं याची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. तेथें माणसाची मान वाकवीत, येथें कोणी सक्ती करीत नाहीं, व लाभहि सर्वांस मिळतो. तथापि वाट दाखविण्याचें ज्ञान कोणा तरी तिसऱ्याच्या हेतूसाठीं गोळा होतें आणि वाटसरूस त्यांतला उरलेला भाग मिळतो, ही जुनी स्थिति येथेंहि कायमच आहे.

म्हणून गांधीबागेंतल्या तरुण स्वारांस आमचें सांगणें एवढेंच कीं, यंत्र कोणतेंहि घ्या, पण त्याचा जन्म कशासाठीं झाला हें विसरूं नका. फोन घेतलात तर नकाशा आधीं उतरवून ठेवा, त्यास उन्हापावसापासून जपा, आणि मुख्य मार्गाची चार गांवें एका कागदावर लिहून खिशांत ठेवा. स्वतंत्र यंत्र घेतलेंत तर दर वर्षीं त्याचा नकाशा नवा करून घ्या. आणि दोन्ही असलीं तरी नदी, घाट किंवा जंगल आलें म्हणजे गाडी थांबवून, हेल्मेट काढून, तेथल्या माणसास नमस्कार करून वाट विचारा. तो सांगेल ती माहिती त्या दिवसाची असेल. आज त्याच्यावर वाट दाखविण्याची सक्ती नाहीं. तो जें सांगतो तें आपल्या खुषीनें सांगतो, आणि म्हणूनच तें ऐकतांना दोन क्षण अधिक थांबणें हें प्रवाशाचें कर्तव्य आहे.